अर्ध्या भावाचं दुकान

तेव्हा राज्य कोणाचं होतं आणि शक कोणता चालू होता, हे आता कोणालाच सांगता यायचं नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी जरा मान खाली घालून ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक कुंभार राहत होता. त्याच्या हाताला असा काही गुण होता, की त्याच्या माठातलं पाणी ऐन वैशाखातही दात शिवशिवावेत इतकं गार राहायचं. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि त्याची बायको. ती माती मळायची, तो चाकावर बसायचा, आणि दोघांना जे काही बोलायचं असेल ते चाक फिरत असतानाच बोलून व्हायचं.

शेजारी तेल्याचा घाणा होता. गावातलं सगळं तेल तिथूनच यायचं. माप भरल्यावर वर एक पळी जास्त ओतायची, ही त्या तेल्याची रीत होती.

एके दिवशी दूरच्या शहरातल्या एका शेटनं वेशीपाशी दुकान उघडलं. दुकान कसलं, कोठारच ते! बसायला गादी नाही, पानसुपारी नाही, ‘काय म्हणता, बरं आहे ना’ नाही. गिऱ्हाइकानं आपल्या हातानं माल घ्यायचा, रोख पैसे टाकायचे आणि चालू लागायचं. अशी त्याची दुकानं वाटेवर दर दहा कोसांना होती, म्हणजे बैलगाड्यांचा एकच तांडा सगळीकडे माल टाकत पुढे जाई. हंगामात तो सबंध मुलखातली करडई एकदम उचलायचा.

या गावात त्यानं आधी फक्त तेल आणलं. अर्ध्या भावात.

स्वस्त म्हटलं की माणसाला पाय फुटतात. सारा गाव तिकडे धावला आणि आपला कुंभार सगळ्यांच्या पुढे.

महिनाभरानं तेल्यानं गावाला चावडीवर बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, “बाबांनो, या भावात करडईसुद्धा येत नाही, मग तेल कुठून येणार? शेट इथं तोटा खातोय. आणि पलीकडच्या गावात, जिथला घाणा बंद पडला, तिथं दुप्पट भाव लावून तो भरून काढतोय. मी स्वतः जाऊन पाहून आलोय. एवढं एक वर्ष माझ्याकडून तेल घ्या. तुम्ही हात दिलात तर मी तगेन.”

काहींना त्याचं म्हणणं पटलंही होतं. तेवढ्यात कुंभार उठला.

“वा रे वा! तुझा घाणा फिरावा म्हणून आम्ही दुप्पट पैसे मोजायचे होय? ज्याला परवडत नाही त्यानं बैल विकावा आणि घरी बसावं.”

लोक हसले. हसण्यावारी गेलेली गोष्ट पुन्हा कोणी गंभीरपणे घेत नाही. चावडी उठली.

“असं बोलायला नको होतं तुम्ही,” घरी बायको म्हणाली. “शेजारी आहेत ते आपले.”

“तुला व्यवहार कळत नाही,” कुंभार म्हणाला आणि चाकाला गती दिली.

तेल्यानं बैल विकला आणि तो गाव सोडून गेला. पुढच्याच महिन्यात तेल महागलं. पण ते कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही, कारण आता दुकानात मीठ आणि गूळ अर्ध्या भावात मिळत होते. वाणी गेला, तसा गूळ महागला आणि कापड स्वस्त झालं. मग कोष्टी गेला. प्रत्येक खेपेला एकाच्या घरी रडारड व्हायची आणि बाकीचे नव्या स्वस्ताईवर खूश असायचे. शेट मोठा हुशार. त्यानं दोघांच्या पोटावर एका वेळी कधीच पाय दिला नाही, नाहीतर ते दोघं एक झाले असते.

आणि मग एका सकाळी तांड्यातून गवतात गुंडाळलेले माठ उतरले.

माठ पातळ होते, पाणी गार करत नव्हते, पण अर्ध्या भावाचे होते. कुंभार चावडीवर गेला. म्हणाला, “माझ्या माठांचं पाणी तुमचे बापजादे प्यालेत. एवढं एक वर्ष मला हात द्या.”

या वेळी कोणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, “खरं आहे तुझं. पण आमच्या हातात तरी काय उरलंय? आमचं धान्य घ्यायला आता तेली नाही, वाणी नाही, कोष्टी नाही. शेट म्हणेल तो भाव. आम्हाला आता स्वस्तच परवडतं रे बाबा.”

कुंभार खाली मान घालून घरी आला. त्याची भट्टी थंड पडली. तो शेटच्या दुकानात माठ उतरवायच्या हमालीला लागला. पावसाळ्यात सरपण संपलं तेव्हा चाक फोडून चुलीत घातलं. त्यानंतर नवरा-बायको एकमेकांशी फारसं बोलेनात. बोलायची जागाच राहिली नव्हती.

दोन वर्षांनी शेटच्या कारकुनानं दुकानाला कुलूप घातलं. “या गावात आता दम उरला नाही,” तो म्हणाला. “विकायचं कोणाला? शेट घाटापलीकडे चाललेत.” गाड्या निघून गेल्या.

त्याच उन्हाळ्यात कुंभाराची बायको तापानं गेली.

चार माणसं जमली. बांबू आले, लाकडं आली. मग कोणीतरी विचारलं, “मडकं?” अंत्यविधीला कोरं मडकं लागतं. गावात एकही कोरं मडकं नव्हतं. आसपासच्या कुठल्याच गावात कुंभार उरला नव्हता, कारण दहा दहा कोसांवर शेटचं दुकान होऊन गेलं होतं.

कुंभार उठला. खाणीवरून माती आणली. ती मळायचं काम आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतः केलं. चाक नव्हतं, म्हणून नुसत्या हातानं मडकं घडवलं. भाजायला वेळ कुठला? उन्हात जेवढं वाळलं तेवढंच घेऊन ते स्मशानात गेले.

पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन तो चितेभोवती चालू लागला. पहिली फेरीही पुरी झाली नाही. कच्ची माती खांद्यावरच विरघळली आणि चिखल त्याच्या पाठीवरून ओघळला.

तो तिथंच खाली बसला. ज्याची मडकी पाच गावांत जात होती तो माणूस चितेकडे पाहून एवढंच म्हणाला, “तुला एक मडकंसुद्धा धड देता आलं नाही गं मला.”

शेजाऱ्याच्या पोटावर पाय देऊन मिळालेली स्वस्ताई सगळ्यांत महाग पडते.