उलट्या चिठ्ठ्या

तिघांनी लिवलं. सही दोघांनाच मिळाली. कुणाची ऱ्हायली... वळखा बरं?

न्हाई वळखणार तुम्ही. लई शिकल्यालं हायसा ना, म्हणून न्हाई वळखणार.

आमच्या कॉलेजात ओतारी सर जीवशास्त्र शिकवायचे. म्या त्यांच्या लॅबमधला शिपाई. पोरं मला मामा म्हणायची, सर तातोबा.

सरांची एक खोड व्हती. सगळ्या वर्गातली एकच वही त्यांच्या टेबलावर ऱ्हायची, मनात भरल्याली. येईल त्येनं ती वाचायची. दोन वर्सं तिथं विश्वजित निकमची वही व्हती. पोरगं चालायचं बी कव्हर घातल्यागत.

तिसऱ्या वर्साला सरांनी ती उचलली आन् नंदा होनमानेची ठिवली.

निकमनं त्या दिवशी डबा उघडला न्हाई.

मला गंमत वाटली. का म्हणाल, तर सर ह्या दोघांसंगं तास तास बोलायचे. माझ्यासंगं सव्वीस वर्सं एकच बोलणं. "तातोबा, बशा धुतल्या का?"

मंग आला बटाट्याचा प्रयोग.

बटाटा वाटीगत कोरायचा. आत साखरेचा पाक भरायचा. पाक जिथवर आलाय तिथं टाचणी टोचायची आन् बटाटा पाण्याच्या बशीत ठिवायचा. तासाभरात पाणी आत शिरतं, पाक टाचणीच्या वर चढतो. किती चढला, का चढला, ते वहीत लिवायचं. बशीपुढं ज्येच्या त्येच्या नावाची चिठ्ठी.

सुट्टी झाली. पोरं चहाला पांगली. निकम तेवढा मागं फिरला.

नंदाच्या बटाट्यातला पाक त्येनं सिंकमधी ओतला. टाचणीपत्तुर साधं पाणी भरलं. गेला.

म्या कपाटामागं.

त्येची पाठ वळली आन् म्या दोघांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. बशा शेजारीच व्हत्या. असा किती येळ लागतोय?

सुट्टी सपली.

"आठ मिलिमीटर, सर!" नंदा वरडली.

निकम आपलं नाव बघत हुभा.

"निकम, तुझं किती?"

"चढलं नाही, सर."

"कारण?"

"बटाटा खराब असेल."

सरांनी सुरीनं कडेचा काप काढला. पांढराफेक, ताजा.

"मग... पाक पातळ झाला असेल."

सरांनी बोट बुडवलं, चाटलं. बटाटा निकमपुढं धरला.

"चाख."

"...गोड नाही."

"साखर कुठं गेली?"

निकमची नजर नंदाच्या बशीवर.

"आल्यापासून तिच्याच बशीकडं बघतोयस," सर म्हणाले. "निरीक्षण तिचं लिहिणार आहेस, की तुझं? ह्याचं कारण वर्गात तुलाच ठाऊक आहे. लिही."

"सर, ही वही बाहेरचे परीक्षक वाचतात."

"वाचतात."

"नाही लिहिलं तर?"

"सही नाही."

सही न्हाई म्हंजी परीक्षेला बसायचं न्हाई.

निकम बसला. लिवाया लागला. कान लालभडक.

"एवढं लांबलचक काय रे?" नंदा म्हणाली. "तुझा तर चढलाच नाही."

त्येनं मान वर केली न्हाई. दीड पान झालं.

सरांनी मोठ्यानं वाचलं न्हाई. सावकाश वाचलं. सही केली. नंदाची वही टेबलावरनं उचलून तिच्या हातात दिली, आन् निकमची तिथं ठिवली. त्याच पानावर उघडी.

"सर, तिथं नको!"

"तुला तिथंच हवी होती ना?"

वर्सभर ती तिथंच ऱ्हायली. पयली नंदानं वाचली. वाचली, आन् आपल्या डब्यातली निम्मी भाकरी त्येच्यापुढं सारली.

सपलं वाटलं ना तुमाला?

त्या पानावर खाली निकमनं एक वळ लिवली व्हती. 'तो बटाटा माझ्या नावापुढे कसा आला, ते कळले नाही.'

ती वाचून त्याच दिवशी सर बशांकडं गेले. दोन्ही चिठ्ठ्यांकडं बघितलं. एक चिठ्ठी बोटानं फिरवली. मंग दुसरी.

"तातोबा."

"धुतो बशा, सर."

"बशा राहू देत. ह्या दोनच चिठ्ठ्या उलट्या का होत्या? वर्गात सगळ्यांना वाचता येतं."

म्या पायाकडं बघितलं. अक्षराला वरखाली असतंय हे कुणी सांगितलं व्हतं मला?

सरांनी ड्रॉवरमधनं कोरी वही काढली. पेन्सिलीला टोक केलं.

"तूही लिही."

"सर, म्या पगाराला अंगठा लावतो..."

"वेळ लागेल. लागू दे."

लागला की. वर्स गेलं. दुपारची झोप गेली. पेन्सिलीनं बोटाला घट्टा पडला. नंदा अक्षरं काढून द्यायची, निकम बाजूला बसून म्हणायचा, "मामा, काना सरळ वढा." ज्येची म्या खोड मोडाया गेलो, त्योच माझा मास्तर.

शेवटी झालं पान. 'निकमने पाक वतला. मी बघितले. मी चिठया बदलल्या.'

सरांपुढं ठिवलं. पोरांवानी आपली बी वही, आपली बी सही.

सरांनी वाचलं. परत वाचलं. खिशातनं पेन काढलं.

"तो पाक ओतत होता, तेव्हा तू पाहिलंस."

"व्हय, सर."

"त्याचा हात धरला नाहीस."

सरांनी पेनाला टोपण लावलं. पेन खिशात गेलं.

"कारण राहिलं, तातोबा."