शेवरखेडात दुकान वाढवत नाहीत

हा तळ्याकाठचा ओटा बघा. त्याच्यावर बसू नका, आमच्यातलं कुणी बसत नाही. कडेच्या मातीत हिरवं चमकतंय ना, ती बांगड्यांची काच आहे. पावसानं माती धुतली की दरसाल नवी वर येते. म्हणून ह्याला काकणतळं म्हणतात. आणि मघाशी बाजारात किराणावाल्यानं फळ्या लावता लावता "बंद केलं" म्हटलं, तेव्हा तुमच्यातल्या ह्या ताई दचकल्या. दचकणारच. सगळा मुलूख 'दुकान वाढवलं' म्हणतो, बंद म्हणणं अशुभ. आमच्या शेवरखेडात उलटं आहे. ते ह्या ओट्यामुळं.

फार मागं, असं सांगतात, गावात भिवरा नावाची कासारीण होती. तिचा नवरा बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचा. घरात बसलेल्या बाळंतिणींचे हात मात्र भिवरा भरायची. आंगठा असा मुडपून घ्यायची की बांगडी कधी चढली ते कळायचं नाही म्हणे.

नवरा तापानं गेला. बायांनी भिवराला ह्याच ओट्यावर आणलं आणि तिचे हात दगडावर आपटून बांगड्या वाढवल्या. वाढवल्या! फोडल्या म्हणायला जीभ रेटत नाही, हात मात्र रेटतात. तिचं मनगट धरलं होतं शेजारच्या सरूआक्कानं. मनानं वाईट नव्हती ती. रीत होती, तिनं धरलं.

मागं ना दीर ना मूल. घरात उरली ती नवऱ्याची माळ. भिवरानं विचार केला, हात भरायला येतात, माल आहे, गावात बांगडीचं दुकान नाही. दुसऱ्यांची भांडी कशाला घासू? एका सकाळी तिनं ह्या ओट्यावर चटई अंथरली आणि हिरव्या बांगड्या मांडून बसली. मोकळ्या मनगटांनी.

पाण्याला येणारी प्रत्येक बाई थबकायची. माल बघून डोळे निवायचे, पण पाय पुढं पडायचा नाही. विधवेच्या हातनं सवाष्णीनं चुडा भरायचा कसा?

"तू भर आधी, मग मी भरते," एक म्हणायची.

"मी का? माझा नवरा तुला जड झालाय का?"

"तुझा कुठं घरी असतो? दारूच्या पिठ्यावर पडलेल्याला काय होतंय!"

हसायच्या, घागरी उचलायच्या, निघायच्या. भिवराही हसायची म्हणे. रोज मांडायची, रोज आवरायची. दुकानाला पहिलं गिऱ्हाईक लागतं, त्याला आपण भवानी म्हणतो. तीच होईना. सगळ्यांना बांगड्या हव्या होत्या आणि पहिली कुणालाच व्हायचं नव्हतं.

एक दिवस सरूआक्काची लहानगी धावत आली आणि तिनं भिवरापुढं हात केला. लेकराला काय कळतं सवाष्ण नि विधवा? भिवरानं तिच्या मापाची बांगडी निवडली, आंगठा मुडपला, बांगडी बोटांवरून सरकली, तेवढ्यात सरूआक्का आली आणि पोरीला हिसकलं. बांगडी दगडावर पडली.

"अगं, वाढली!" सरूआक्काच्या तोंडून सवयीनं निघालं.

"फुटली म्हण, आक्का," भिवरा म्हणाली. एवढंच.

सरूआक्काला दिवसभर घास उतरला नाही. पोर रडत होती ते वेगळंच. शेवटी तिनं मनाशी ठरवलं, उद्या सकाळी न्हाऊन पहिली मीच जाईन. माझेही हात भरीन, पोरीचेही. नवऱ्याचं जे व्हायचं ते होवो.

दिवेलागणीला ती पाण्याला आली तेव्हा भिवरा आवरत होती. उद्या येते, एवढंच म्हणायचं होतं. पण सकाळी पोरीला ओढून नेलं, आता कुठल्या तोंडानं बोलावं? म्हणून रोजचंच विचारलं.

"वाढवलं का गं, भिवरा?"

"हो, आक्का. वाढवलं."

सरूआक्का घागर भरून घरी गेली. रोज तर हाच शब्द असतो. आजचा वेगळा आहे हे कसं कळावं तिला? एकच शब्द, उद्या उघडायच्या दुकानालाही तोच आणि कायमच्या मिटलेल्यालाही तोच. मी म्हणते, शुभ बोलायच्या नादात माणसाचं मरण ऐकू येईनासं झालं, तर जाळायचंय काय ते शुभ?

सकाळी सरूआक्का न्हाऊन, पोरीला कडेवर घेऊन आली. ओटा हिरव्या चुऱ्यानं भरला होता. सगळा माल फोडलेला. चटई नीट घडी केलेली, आणि घडीवर दोनच बांगड्या धड. पोरीच्या मापाच्या.

गड्यांनी तळं ढवळलं, काही हाती लागलं नाही. कुणी म्हणतात, घाटाकडं जाताना ती गुराख्याला दिसली. कुणी म्हणतात, सरूआक्काला धीर यावा म्हणून त्यानं थाप मारली.

सरूआक्कानं त्याच दगडावर आपल्या हातांनी आपला चुडा फोडला, नवरा जिवंत असताना. म्हणाली, भिवरा येऊन भरील तेव्हाच माझे हात भरतील. गाव ओरडलं, नवऱ्याला खाशील म्हणून. तर नवरा तिच्यामागं कितीतरी वर्षं जगला, म्हाताऱ्यानंच तिला अग्नी दिला, असं सांगतात. मग भ्यायल्या कशाला होत्या सगळ्याजणी? भिवरा काही आली नाही. सरूआक्का मोकळ्या हातांनीच गेली. मरताना तिनं गावाकडून दोन गोष्टी वदवून घेतल्या.

आजही शेवरखेडात कुणी नवं दुकान काढलं, चहाची टपरी असो की शिलाई मशीन, पहिली भवानी विधवेच्या हातनं होते. त्याआधी दुसरं कुणी मालाला हात लावत नाही. आणि आजही सांजेला दुकानदार 'वाढवलं' म्हणत नाही. "बंद केलं, उद्या उघडते," म्हणतो. उघडते, असंच, बाप्या असला तरी, कारण ते भिवराच्या वाटचं बोलणं आहे. समोरच्यानं मग म्हणायचं, "उद्या येते." आणि यायचं. घ्यायचं नसलं तरी यायचं, दारात उभं राहून तोंड दाखवायचं.

तळ्यात सांजेला काकणं किणकिणतात म्हणे. मला कधी ऐकू आलं नाही.

आता उन्हं उतरली, दुकानं बंद होतील. जाता जाता चहा घ्या, लिमलेटच्या गोळ्या घ्या. पण टपरीवालीनं "उद्या उघडते" म्हटलं, तर गप माना हलवून गाडीत बसा. उद्या येते म्हणू नका. ती वाट बघेल.