दिगंबरची पहिली सर्व्हिसिंग

“म्हणजे सर्व्हिसिंग झाली, की आजच व्रत देणार ना, बुवा?”

बुवा ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान हलवली. ती होकारासाठी हलली, की शेंगेत किडा निघाला म्हणून, हे दिगंबरने पाहिलं नाही. त्याने होकार धरला आणि बाह्या सारून कामाला लागला.

कोळवडीच्या मठात आज सणाची सकाळ होती, निदान दिगंबरपुरती तरी. अंगणाच्या मधोमध तांबडीभडक मोटरसायकल उभी होती. डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांवर औषधं पोचवायला भक्तमंडळींनी ती मठाला घेऊन दिली होती, आणि चालवायला दिगंबर होताच. घाट चढताना तिचा आवाज असा घुमायचा, की औषधाची वाट पाहणारे म्हातारे बाजेवरून उठून बसत. दिगंबरला तो आवाज झोपेतही ऐकू येई, आणि झोपेतही तो गिअर बदलत असे.

आता तिची पहिली सर्व्हिसिंग आली होती. तालुक्याच्या शोरूममध्ये ती करून मिळाली असती. पण दिगंबरने सांगून टाकलं, हिला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. मीच करणार.

यात नुसती हौस नव्हती.

गेल्या साली त्याने घरच्या विहिरीवरचा पंप असाच खोलला होता. पंप पुन्हा जुळला, पण पाणी काही चढेना. थोरला भाऊ विश्वनाथ, ज्याला तो विशूदादा म्हणे, पाहुण्यांच्या पंगतीत बोलून गेला, “आमच्या दिगूच्या हाताला यश नाही.” दिगंबर भरल्या ताटावरून उठला तो थेट मठात आला. तेव्हापासून त्याने घरचा फोन घेतला नव्हता. मधे एकदा विशूदादा स्वतः आला आणि ओट्यावर बसून राहिला, तर हा गोठ्यात गाईच्या आड लपला. लपायला गाय पुरत नव्हती. विशूदादाला त्याचे पाय दिसलेच असणार, पण तो तसाच उठून गेला.

तेव्हा आज दिगंबरला दोन कामं उरकायची होती. गाडी स्वतःच्या हाताने ठणठणीत करून दाखवायची. आणि बुवांसमोर व्रत घ्यायचं, की त्या घराचा उंबरठा जन्मात पुन्हा ओलांडणार नाही. नारळ, फुलं आणि धुतलेलं उपरणं ताटात घालून त्याने पहाटेच देवासमोर ठेवलं होतं.

त्याने हे व्रत मागितलं तेव्हा बुवांनी एवढंच विचारलं होतं, “आई आहे ना घरात?”

“आहे. तिने इकडे यावं.”

आधी सर्व्हिसिंग कर, बुवा म्हणाले होते.

दिगंबरने इंजिन जरा वेळ चालू ठेवून गरम करून घेतलं. खाली घमेलं सरकवलं आणि उताणा पडून तो इंजिनाखाली शिरला. तळाला तेल सोडायचा बोल्ट असतो, तो शोधला. पाना लावला. कारखान्यात बसवलेला तो बोल्ट एका हाताने सुटला. बसवणाऱ्याने मन लावून बसवला नव्हता, असं दिगंबरचं तिथल्या तिथे मत झालं.

तेलाची काळपट धार घमेल्यात पडू लागली. तो इतका खूष झाला, की आडवा पडल्या पडल्याच गाणं म्हणू लागला. गाणं मधेच तुटलं.

घमेल्यात काहीतरी चमकत होतं. बारीक, चांदीच्या भुकटीसारखं.

तो बाहेर आला तो चेहरा पडलेला. “बुवा, आतून लोखंड झिजतंय. नवी गाडी, आणि आत्ताच...”

बुवा एक पाय ओढत अंगणात आले. तरुणपणी ते फटफटीवरून गावोगाव कीर्तनाला जात, मागे मृदंगवाला मृदंगासकट बसलेला असे. गुडघा आखडला तेव्हा फटफटी गेली, पण तिची खोड गेली नव्हती. त्यांनी तेलात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं आणि उन्हात धरून पाहिलं.

“आतली चाकं नवी आहेत. एकमेकांवर घासायचीच.”

“मग काय करायचं?”

“हे तेल काढून टाकायचं. कीस निघाला म्हणून कुणी गाडी टाकून देत नाही.”

दिगंबरला हायसं वाटलं. त्याला यातलं गाडीपुरतं तेवढं समजलं, आणि तो पुन्हा गाऊ लागला.

मग त्याच्या अंगात जे वारं शिरलं ते पाहण्यासारखं होतं. त्याने जुना फिल्टर काढून नवा बसवला. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून चेन घासली, पुसली, कडीकडीला तेल दिलं. मागचं चाक हाताने फिरवलं, तर ते सुरेख आवाज करत फिरतच राहिलं. त्याने ते पुन्हा फिरवलं, आणि मग नुसतंच फिरवत बसला. गाडीबरोबर आलेल्या बुकात लिहिलं होतं, चेनला थोडी ढील ठेवा. दिगंबरने ती ठेवली, पण बुक लिहिणाऱ्याची निष्ठाच जरा कमी असावी असं त्याला वाटून गेलं.

राहिला तळाचा बोल्ट.

तो किती जोराने आवळायचा याचा आकडा बुकात होता. पण तो जोर मोजणारा पाना मठात नव्हता. तेव्हा दिगंबरने अंगात असेल नसेल तेवढा जोर हाच आकडा धरला. बुवांच्या गाडीचा बोल्ट ढिला राहून कसा चालेल? तशी मठात त्याची ख्यातीच होती. त्याने बांधलेलं वासराचं दावं शेवटी कोयत्याने कापावं लागलं होतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्याने लावलं, की उघडायला त्यालाच हाक मारावी लागे, आणि हे आपलं कौतुक आहे असं तो समजे.

हाताने आवळून झाल्यावर तो उठला, पान्याच्या दांड्यावर टाच ठेवली आणि दाबली. स्टँडवरची गाडी हलली. त्याने आणखी दाबली.

“झालं,” तो घाम पुसत म्हणाला. “आता ब्रह्मदेव आला तरी हा निघायचा नाही. माझं एकदा आवळलं की आवळलं. घराचंही तसंच, बुवा.”

आणि त्याने नव्या तेलाचा डबा उचलला.

“डबा ठेव,” बुवा म्हणाले. “तो बोल्ट काढ.”

“आत्ताच तर बसवला.”

“म्हणून.”

दिगंबर हसला. बुवा हसले नाहीत. तेव्हा तो खाली बसला, पाना लावला आणि ओढला.

बोल्ट जागचा हलला नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढला. पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. या खेपेला बोल्टचा एक कोपरा किंचित झिजलेला दिसला, आणि दिगंबरने पाना खाली ठेवला. तळाचा तो भाग ॲल्युमिनियमचा असतो, लोखंडापुढे मऊ. आतले आटे गेले, की इंजिनाचं बूडच बदलावं लागतं, हे त्याने बुकात वाचलं होतं. वाचताना ते आपल्यासाठी लिहिलंय असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

“बुवा, हा आता...”

वरच्या वस्तीवरच्या खोकलणाऱ्या म्हातारीचं औषध आतल्या फळीवर ठेवलेलं होतं. ते आज कसं जायचं? आणि ही गोष्ट खाली गावात कळली, तर विशूदादाच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार? हाताला यश नाही, हे मग सगळेच म्हणतील.

बुवा गोठ्यामागे गेले आणि लोखंडी पाइपचा एक लांब तुकडा घेऊन आले. त्यांनी तो पान्याच्या दांड्यावर चढवला. एक टोक दिगंबरने धरलं, त्याच्या हातांवर बुवांनी आपले हात ठेवले.

“हळू,” बुवा म्हणाले. “रागाने नको.”

दोघांनी मिळून भार टाकला. काही झालं नाही. मग कट् असा मोठा आवाज आला आणि दिगंबरने डोळे मिटून घेतले.

बोल्ट सुटला होता.

दिगंबरने तो बोटांनी फिरवून बाहेर काढला. खालचा तांब्याचा वायसर चेपून पापडासारखा झाला होता. त्याने बोटाचं टोक भोकात घालून आटे चाचपले, पुन्हा चाचपले. शाबूत होते. थोडक्यात वाचले होते. आनंदाने त्याला ओरडावंसं वाटत होतं.

पण तो बोल्ट मुठीत धरून तसाच मातीत बसून राहिला.

“पंपाचं झाकण,” तो म्हणाला.

पाइप परत ठेवायला निघालेले बुवा थांबले.

“पंपाचं झाकण मीच फोडलं होतं. सगळं नीट बसलं होतं, बुवा. मी वर आणखी एक हिसका दिला... असाच आवाज आला होता. मी चिरेवर ग्रीस फासलं आणि गप्प बसलो. विशूदादाला अजून माहीत नाही.”

बुवा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात देवासमोरचं ताट होतं, नारळ, फुलं आणि उपरण्यासकट. ते त्यांनी मोटरसायकलपाशी, तेलाच्या घमेल्याशेजारी ठेवलं आणि स्वतः दुखऱ्या गुडघ्याने मांडी घालून मातीत बसले.

“बसव बोल्ट,” ते म्हणाले. “आणि बसवता बसवताच व्रत म्हण. मी ऐकतो.”

फिल्टरच्या खोक्यात नवा वायसर आला होता. दिगंबरने तो बोल्टला घातला. बोल्ट आट्याला लावून बोटांनीच फिरवला. तो इतका अलगद आत गेला, की दिगंबरने तो मागे फिरवून पुन्हा आत घातला. सकाळी चाक फिरताना वाटला होता तसाच हा आनंद होता, पण आता तो गाऊ शकला नाही.

बोल्ट टेकला. त्याने पाना लावला.

व्रताचे शब्द त्याला पाठ होते. त्या घराचा उंबरठा मी... त्याने तोंड उघडलं.

बुवा वाट पाहत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

दिगंबरने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं. पाना हातात तसाच राहिला.

“बुवा...” त्याने हळूच विचारलं, “किती आवळू?”

बुवा म्हणाले, “पुढच्या खेपेला हा उघडायला बसशील, तेव्हा तू आजच्याहून म्हातारा असशील. त्या म्हाताऱ्याला झेपेल इतकं.”