शेठजींची आकड्याची काठी

एकदा एका बाजारगावात एक वाणी होता. आपले दुकान त्याने मोठ्या अकलेने मांडले होते. गादीच्या उजव्या हाताला गूळ, डाव्या हाताला मीठ, समोर तराजू, डोक्यावर सुतळीचे रीळ. जे हाताला लागत नसे ते काढायला टोकाला लोखंडी आकडा बसवलेली वेळूची लांब काठी होती. गिऱ्हाईक मागेल ती पिशवी तो बसल्या जागेवरून ओढून घेई. दुकानात नोकर नव्हता. काठी हाच त्याचा नोकर. सकाळी बसलेला माणूस दुपारी जेवायलाच उठे, आणि याचा त्याला अभिमान होता. घरीही त्याने नुसता हात पुढे करायचा आणि त्याच्या लेकीने, सगुणाने, पाण्याचा तांब्या आणून द्यायचा, अशी रीत होती.

सगुणा लग्न होऊन घाटावरच्या गावी गेली. तिथवर गाडीरस्ता नव्हता. उभ्या चढणीची पाऊलवाट होती. दिवाळीला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून वाण्याने दर वेळी पुतण्यालाच धाडले. मग एका आश्विनात तिला दिवस गेल्याची बातमी आली, आणि मागोमाग तिचा निरोप. "पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी यायला हवी असेन, तर माघात बाबांनी स्वतः न्यायला यावं. नाहीतर मी इथेच बरी आहे."

वाण्याचा जीव थाऱ्यावर राहीना. घाटाच्या पहिल्याच वळणावर त्याला धाप लागे. डोलीवाल्यांना विचारले, तर त्यांच्यातला एक म्हणाला, "शेठ, डोली ताईंना खाली आणायला हवी, का तुम्हाला वर न्यायला? एकदा ठरवा, म्हणजे माणसं तेवढी जमवतो." मग त्याने शहरातल्या तालमीची वर्षाची फी भरली. फी भरली त्या दिवशी त्याला फार हलके वाटले. तालमीत मात्र तो एकदाच गेला. शेवटी त्याने गावाबाहेरच्या मठातल्या वृद्ध गुरूंना बोलावणे धाडले.

गुरू आपल्या शिष्याला घेऊन आले. शिष्य तरुण होता, उतावळा होता. कोणते आसन आधी, कोणते नंतर, हे त्याने वाटेतच मनाशी ठरवून टाकले होते. गुरू दुकानाच्या पायरीवर बसून बराच वेळ गिऱ्हाइके बघत राहिले. मग म्हणाले, "शेठजी, दक्षिणा आधी द्यावी लागेल."

"मागा, महाराज."

"ती काठी द्या. मी परत आणून देईपर्यंत दुसरी करायची नाही."

वाण्याने नाइलाजाने काठी दिली. "आणि उपाय?"

"तो झाला," असे म्हणून गुरू काठी खांद्यावर टाकून चालू लागले.

शिष्य मागून जवळजवळ धावतच आला. "गुरुजी, त्याला चार आसनं तरी सांगायची होती. लेक तिकडे वाट बघते आहे आणि आपण त्याची काठी घेऊन निघालो."

"म्हातारपणी काठी लागतेच की," गुरू म्हणाले.

कार्तिक सरला. शिष्याला चैन पडेना. प्रत्येक बाजाराच्या दिवशी तो दुकानावरून चक्कर मारी आणि फणफणत परत येई. "गुरुजी, तो नुसता उठतो आणि बसतो. चौरंगावर चढतो, पिशवी काढतो, उतरतो, गिऱ्हाइकांवर चिडतो. म्हणतो, तुमच्या गुरूंनी मला लुबाडलं."

"चिडताना धापा टाकतो का?"

"आधी टाकायचा. आता नुसताच चिडतो."

"मग ठीक चाललंय."

पौषात वाण्याची बायको मठात आली. "महाराज, आता ह्यांना घरातही बसवत नाही. अंगणात येरझाऱ्या काय घालतात, माझ्या हातची कळशी घेऊन विहिरीवर काय जातात. लोक मला हसतात."

"हसू देत, बाई," गुरू म्हणाले.

माघात घाटाच्या पायथ्याशी गुरूंनी वाण्याच्या हाती काठी परत दिली. तो ती टेकत पुढे निघाला. थांबत, दम घेत, पण निघाला. त्याच्यामागे डोलीवाले, आणि सर्वांत मागे गुरू-शिष्य.

"गुरुजी, हे त्याला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" शिष्याने विचारले.

"सांगितलं असतं, तर त्याने चौरंगावर चढायला एखादा नोकर ठेवला असता. अरे, बळ त्याच्या अंगात येतच होतं. त्यानेच हुशारीने त्या बळाला घराबाहेर काढलं, आणि मग तेच परत आणायला शहरात जाऊन पैसे मोजले. तू त्याला काय द्यायचं याचा विचार करत होतास. मी त्याच्याजवळ काय जास्त आहे, ते बघत होतो."

वर सगुणा अंगणात उभी होती. दम घेता घेता वाणी मागे पडला होता, म्हणून वळणावर तिला आधी डोलीच दिसली. बाप माणसांच्या खांद्यावर बसून आला असे तिला वाटले, आणि ती मान खाली घालून आत वळली. तेवढ्यात तिची जाऊ म्हणाली, "अगं, थांब. डोली रिकामी आहे."

वाणी घामाघूम होऊन ओसरीवर टेकला. सगुणा तांब्या घेऊन आली. तिला पाहताच तो उठला, अंगण ओलांडून तिच्यापाशी गेला आणि तांब्या तिच्या हातून घेतला.

शिष्य बघत राहिला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला कसलीही घाई नव्हती.

आपापल्या घरातली काठी कुठे टांगली आहे, ते ज्याचे त्याने शोधावे. ती खाली उतरवायला कुठल्या तालमीची फी लागत नाही.