ओवरीतला पाहुणा

“आत कोणाला घेतोस?” बुवांनी विचारलं.

“ज्या फाइलचं नाव फोटोचं, तिला. बाकीच्या दारातूनच परत,” विनीत म्हणाला.

मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तो वर्षापूर्वी मठात आला होता. मठानं नाव दिलं विनीत; ताठा मात्र बरोबर आणला तसाच होता. लोकांनी घरच्या जुन्या पोथ्यांचे फोटो पाठवावेत म्हणून त्यानं मठाची वेबसाइट तयार केली होती. परवा ती सुरू व्हायची होती. मठानं जमवलेल्या नऊशे पोथ्यांच्या प्रतीही वेबसाइटच्याच कॉम्प्युटरवर होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींचे मूळ कागद वाळवीनं केव्हाच खाल्ले होते.

“फोटोचं नाव लावून दुसरंच काही आलं तर?”

“असं कोण करतंय, बुवा!”



“तू आलास तेव्हा नाव सांगितलं होतंस.”

“हो. पदव्यांसकट. तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत.”

“मग?”

“पिशवी उपडी करायला लावलीत.”

“मग?”

“नवं नाव दिलंत.”

“झोपायला?”

“अंगणापलीकडच्या ओवरीत.”

“आणि स्वयंपाकघरात?”

“अजून पाऊल टाकू दिलं नाहीत...”

बोलता बोलता विनीत थांबला. त्याचे कान लाल झाले. उठला तो जेवायचंही विसरून थेट कॉम्प्युटरपाशी गेला.

दोन दिवसांत त्यानं सगळं नव्यानं बांधलं. फाइल आपलं नाव काहीही सांगो, आधी ती उघडून पाहायची. मग तिला मठाचं नाव द्यायचं. आणि ठेवायची पोथ्यांपासून दूर, अशा जागी जिथे कुठलाच प्रोग्रॅम चालू होऊ शकत नाही. त्या जागेला त्यानं ओवरी म्हणायला सुरुवात केली.

वेबसाइट सुरू झाली त्याच सकाळी तो धावत आला.

“बुवा, आला होता! पुढे खरा फोटो, आणि शेपटाला पोथ्या पुसून टाकणारा प्रोग्रॅम. ओवरीत नुसता बसून राहिलाय! नऊशेच्या नऊशे पोथ्या शाबूत!”

अंगण जयघोषानं दणाणलं. विनीत तर नाचायचाच बाकी होता.

“तू उघडून पाहिलं होतंस ना?” बुवांनी विचारलं.

“पाहिलं होतं. पण पहिल्यांदा मला दिसलाच नाही, बुवा. मी चुकलो.” तो अजून हसतच होता.

वर्षभरात त्याच्या तोंडून हे शब्द मठानं पहिल्यांदाच ऐकले.

बुवांनी कमरेची स्वयंपाकघराची किल्ली काढली, त्याच्या हातावर ठेवली.

“आजचा भात तू लाव.”