तीन बोटं

“सगळ्यांशी बोलतात, बाई. मग माझ्याशीच का नाही?”

एस्तेरबाईंनी हे विचारलं ते दारात उभ्या राहूनच. सलाम करायचंसुद्धा राहून गेलं.

खाटेवर बसलेल्या सालोमीबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. वय नव्वद. दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेलेली. एके काळी त्या मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होत्या, आणि आता त्याच कंपाउंडातल्या शेवटच्या खोलीत राहत होत्या. आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांतल्या किती नर्सेस त्यांच्या हाताखालून गेल्या याची गणती नव्हती. त्यातल्या प्रत्येकीला वाटायचं, बाईंचा जीव आपल्यावरच होता. एस्तेरबाईंना तर खात्रीच होती.

“बस.”

“बसायला वेळ नाही. अकराला त्यांची गोळी आहे.”

“आता किती वाजले?”

निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी एस्तेरबाईंच्या पदराला पिन लावून घड्याळ टांगलेलंच असायचं. त्यांनी ते उचलून पाहिलं.

“साडेदहा.”

“मग बस.”

बसल्या. स्वतःचं वय अडुसष्ट, घरात नातवंडं, पण या खोलीत आल्या की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“दोन दिवस... फार तर चार.”

वॉर्डातल्या एखाद्या पेशंटबद्दल सांगावं तसं त्यांनी सांगून टाकलं. पण हा पेशंट म्हणजे त्यांचे यजमान, योहान मास्तर. सात महिने अंथरुणाला खिळलेले.

“आठ दिवस झाले, माझ्याशी एक शब्द नाही. आणि सुनेशी बोलतात. तिला धड थर्मामीटर लावता येत नाही, तरी तिला जवळ बसवून घेतात. काल पाऊण तास हसत होते दोघं.”

“कशावर?”

“शेळीवर. शाळेचा हजेरीपट शेळीनं खाल्ला होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तेव्हा घरात मी होते, बाई. ही पोरगी जन्मलीसुद्धा नव्हती. आणि तो किस्सा आता हिला सांगतात.”

सालोमीबाई हसल्या. एस्तेरबाईंना ते बिलकूल आवडलं नाही.

“मी खोलीत पाऊल टाकलं की हसणं बंद. डोळे मिटून घेतात. हात पांघरुणात ओढून घेतात. बेचाळीस वर्षांचा संसार आहे... माझं काय कमी पडलं, तेवढं सांगा.”

 आणि काय काय कमी पडलं नाही, ते एस्तेरबाई स्वतःच सांगत सुटल्या. सात महिन्यांत मास्तरांच्या पाठीला एक जखम नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे बदलायची. भिंतीवर तक्ता, ताप निळ्या शाईनं, नाडी लाल शाईनं. डॉक्टर म्हणाले, असं आमच्या दवाखान्यातसुद्धा होत नाही. दवाखान्यातल्या पाळ्या सांभाळून दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं शेवटचं सगळं याच हातांनी केलं. एकाही रविवारी उपासना चुकवली नाही. रोज तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना.

“किती वेळ?”

“वीस मिनिटं.”

“घड्याळ लावून?”

“शिस्त तुम्हीच लावलीत.”

“लावली खरी,” सालोमीबाई म्हणाल्या.



“बाई, मला आता दुसरं काही नको,” एस्तेरबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “जायच्या आधी त्यांनी माझ्याशी एकदा बोलावं. तुम्ही चला ना. रिक्षा घेऊन येते. मास्तर तुम्हाला मानतात, तुम्ही सांगितलं तर ऐकतील.”

“इकडे ये. खाटेवर बस.”

“बाई, पावणेअकरा झाले...”

“माझा हात धर.”

सालोमीबाईंनी शालीतून हात पुढे केला. एस्तेरबाईंना राग आला होता. इथे एक माणूस चाललाय, आणि म्हातारीला हात धरायला कुणीतरी हवंय. पण बाईंचा शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी हात धरला.

तीन बोटं आपसूक मनगटावर गेली, अंगठ्याच्या मुळाशी. नजर घड्याळावर. आठ दिवसांत नव्हता इतका त्यांचा चेहरा शांत झाला. बाईंनीच शिकवल्याप्रमाणे पूर्ण एक मिनिट.

“किती?”

“अठ्ठ्याऐंशी. मधेच एखादा ठोका गळतोय. दाखवून घ्या, बाई.”

“मी नाडी बघायला सांगितली होती?”

एस्तेरबाईंनी बोटं उचलली.

“परत धर.”

या वेळी त्यांनी जपून धरला. तळहाताला तळहात लावून. पण दोन श्वास होतात न होतात तोच बोटं सरकत सरकत मनगटावर गेली. त्यांना स्वतःलाही ते उशिरा कळलं.

सालोमीबाईंनी हात सोडवून घेतला आणि शालीत ओढून घेतला.

एस्तेरबाई पाहतच राहिल्या. हात असा ओढून घेतलेला त्या आठ दिवस रोज बघत होत्या. 

“नाडी मोजताना तुझा चेहरा कसा असतो, एस्तेर?”

“कोरा... पेशंटला काही कळू द्यायचं नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“आणि मास्तर तो चेहरा किती वर्षं वाचतायत?”

 बेचाळीसचा आकडा एस्तेरबाईंनीच मघाशी सांगितला होता.

“शिकवलं मीच,” सालोमीबाई म्हणाल्या. “माझी आई गेली तेव्हा मी जवळच होते. शेवटच्या मिनिटाला किती ठोके होते ते आजही सांगते. छत्तीस. पण तिचा हात गार होता की ऊन... ते काही केल्या आठवत नाही.”

खिडकीबाहेर कुणीतरी वाळलेला पाला झाडत होतं. एस्तेरबाईंना रडू आलं. वॉर्डात चाळीस वर्षं आवरलेलं आता आवरलं नाही, आणि बाईंनीही आवर म्हटलं नाही.

थोड्या वेळानं एस्तेरबाईंनी सवयीनं घड्याळ उचललं. अकराला पाच कमी. घर दहा मिनिटांवर.

“गोळीची वेळ टळणार.”

“घरी कोण आहे?”

“सून आहे.”

“तिला गोळी देता येत नाही?”

“...येते,” एस्तेरबाई म्हणाल्या. एवढं कबूल करणं त्यांना फार जड गेलं.

मग त्यांनी पदराची पिन काढायला घेतली.  पिन तिसऱ्या खेपेला निघाली. घड्याळ त्यांनी बाईंच्या तळहातावर ठेवलं, आणि बाईंनी काही न विचारता मूठ मिटली.

“सलाम, बाई. येते.”

“सलाम.”

दारात चपला घालता घालता एस्तेरबाई थांबल्या. इथून घरापर्यंतचा रस्ता पायाखालचा होता, पण आज त्यांना त्या रस्त्याची भीती वाटली. त्या मागे वळल्या.

“आणि त्यांनी हात दिलाच नाही तर?”

सालोमीबाईंनी मूठ कानाशी नेली. थोडा वेळ घड्याळाची टिकटिक ऐकली... आणि घड्याळ उशीखाली सारलं.

“मग तुझा दे.”