बोयाचा वास

आमच्या खाडीच्या तोंडावरचा, होड्यांना वाट दाखवणारा तरंगता लाल बोया काल रात्री कुणीतरी धडकून चेपवला. बंदरसाहेब नाकाला रुमाल लावून धक्क्यावर आले आणि हिराजी तांडेलावर गरजले, "तुझंच गलबत! परवाना टाक इथं."

परवाना गेला की चूल विझली. तरी हिराजीनं तो साहेबांच्या हातावर ठेवला आणि हसला. "साहेब, रुमाल कशाला?"

"गलबताला काय फासतोस रे? नाक सडलं!"

"मुशी माशाचं तेल. लाकूड टिकतं, पण घासेल तिथं आठ दिवस घमघमाट. चला, बोया हुंगा."

साहेबांनी त्याला आपल्या पांढऱ्या लाँचमधून नेलं. बोया हुंगला. वास नव्हता, चेपल्या जागी पांढरा ओरखडा तेवढा होता.

"परवाना परत द्या, साहेब," हिराजी म्हणाला, "आणि रुमाल आता लाँचच्या नाकाला लावा. मघाशी चढतानाच पाहिलं, लाल रंग लागलाय."